मुतखड्याचं औषध

धानोरी, पो. सोनाळा
२ डिसेंबर २०२४

अनुपमा,

तू पुण्याला नीट पोचलीस हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर मला आता नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा यापुढे जे काय असेल ते कागदावर.

चार दिवस माझ्या घरी राहून तू गावातली साठ घरं फिरलीस. घरात कोण काय पितं, किती पितं, कधीपासून, हे बायकांना विचारत बसलीस. कशासाठी, ते तुझ्या मामीनं तू गेल्यावर सांगितलं. पेयं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीला बुलढाणा जिल्ह्यातली दारूची मागणी मोजून हवी आहे, आणि मोजणारी माझी भाची. मागणी! कापसाला मागणी असते, तुरीला असते. घशाखाली ओतायच्या आगीला मागणी म्हणणारी भाषा कुठल्या शाळेत शिकवतात? माझ्या शाळेत नाही. आठवी ते दहावी तू माझ्याच घरी राहून माझ्याच वर्गात बसली होतीस.

पण मोजलंच आहेस, तर माझ्याही कामी ये. इथे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, माझ्याकडे आकडे नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याहून मोहाची यायची, तीही होळीला आणि हंगाम उरकल्यावर. मग सरकारमान्य देशीचं दुकान आलं आणि आठवड्याला एकच बाजार असलेल्या गावात रोजचा बाजार भरू लागला. २००४ साली तुझी मामी आणि मनकर्णाबाई दारोदार फिरल्या, बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकान उठलं. मनकर्णाबाईंचा नवरा तोवर देशीनं गेलाच होता. वीस वर्षं मी मेहकरपासून देऊळगाव राजापर्यंत प्रत्येक व्यासपीठावर हेच सांगत आलो: धानोरीच्या बायकांनी करून दाखवलं.

आता खतवाल्या भगवानरावाला गावात बिअरचं दुकान टाकायचं आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येतोय. ज्या पोरांनी बापाला देशी पिऊन गटारात पडलेलं पाहिलं, ती पोरं मला म्हणतात, "सर, देशी बुढे पेते. आमी नाई पेत." आणि वाढदिवसाला शेतात बिअरचे खोके नेतात. मालक बदलला, बाटली बदलली, गिऱ्हाईक त्याच घरातलं. मला तुझे आकडे दे. कोण आणतं, किती आणतं. मी ते सभेत वाचून दाखवीन.

मी थकलोय, अनुपमा. एकच भाषण पस्तीस वर्षं करून माणूस थकतो. हे एक शेवटचं.

मामी बरी आहे. थंडीनं कंबर धरली आहे, म्हणून तिचं वेगळं पत्र नाही.

भालचंद्रमामा

•

पुणे
९ डिसेंबर २०२४

मामी,

हे पत्र मनकर्णाबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरी आलेली सगळी पत्रं मामा फोडतात.

मामांनी लिहिलंय की थंडीनं तुझी कंबर धरली आहे. ती कंबर नाही, हे तुला ठाऊक आहे आणि आता मलाही. त्या दिवशी चुलीपाशी तू सहज म्हणालीस, "माह्यं बी लिहून घे तुह्या वहीत, अर्धा गिलास," आणि मी हसले. मला वाटलं थट्टा करतेस. मग तू कोठीत हात घालून बाटली दाखवलीस. तीन वर्षं! मुतखडा विरघळतो म्हणून.

मी तुझं नाव कुठेही लिहिलेलं नाही. पण ऐक. साठ घरांपैकी तेवीस घरांत मला हेच उत्तर मिळालं. आधी सगळ्या म्हणायच्या, "आमच्याइथं कोणी पेत नाई." मी विचारायचे, "आणि बिअर?" मग, "ते होय, खड्यासाठी." तुमच्याकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं घरोघरी मुतखडे आहेत, आणि घरोघरी हेच औषध. कोणाला डॉक्टरनं सांगितलेलं नाही. शेजारणीनं सांगितलंय.

बिअरनं लघवी जास्त होते, थोडं बरं वाटतं, एवढंच. खडा आहे तिथेच राहतो. इथल्या डॉक्टर मैत्रिणीला मी विचारलं. तुझ्या पायावर सूज आहे हे ऐकून ती म्हणाली, आधी रक्त तपासा, किडन्या किती काम करताहेत ते कळेल. अकोल्याला जा. एका दिवसाचं काम आहे. पण मामांना सांगितल्याशिवाय तू घरातून अकोल्याला कशी जाणार? म्हणून मामांना सांग. तू सांगत नसशील तर मी सांगते.

अनू

•

धानोरी
१८ डिसेंबर

अनू बाई,

मी बोलते तसंच लिहिते, हसू नको. तुह्यं पत्र मनकर्णाबाईनं पदराखाली लपवून आणलं, जसं काई बाटलीच आणली. दोघी लय हसलो.

तू त्याईले काई सांगू नको. तुले माह्या गळ्याची शपथ. निदान २६ तारखेपर्यंत तरी नको.

तुले वाटते मी त्याईले भेते. भेत नाई. चाळीस वर्सं झाले लग्नाले, कधी आवाज चढवला नाई त्याईनं घरात. आवाज सगळा बाहेरच खर्च होते. पण तू इचार कर. हे सभेत उभे राह्यतीन, आन मांगून कोणी म्हणीन, सर, आधी आपल्या कोठीत पाहा. मंग काय राह्यते त्या माणसाचं? त्याईच्याजवळ दुसरं हाय काय? ना शेत, ना पोर. हे एकच त्याईनं जलमभर केलं. आन वीस वर्सांपासून प्रत्येक भाषणात माह्यं नाव घेतात.

सुरुवात अशी झाली. आधी मनकर्णाबाईसंग शेगावले दर्शनाले गेलती, तवा दाखवलं होतं, खडा दिसला. गोळ्या दिल्या, पाणी लय प्या म्हणे. कोणतं पाणी पेऊ, त्यानंच तर झाला. मंग एका रात्री जीव जाते का राह्यते असं झालं. हे देऊळगाव राजाले व्याख्यानाले गेलते. मनकर्णाबाई आली. तिनंच दिली. म्हणे, "डोये झाक आन घे, काढा समज." घोडीच्या मुतासारखी लागली, पण दुखणं उतरलं. तिचा पोरगा प्रेम आणून देते तालुक्याहून. मनकर्णाबाईले खुद खडा हाय. तुले मालूम हाय तिचा नवरा कशानं मेला. ती बाई दारू पेईन काय? मंग बीर दारू कशी होईन, तूच सांग.

पाय सुजतात, ते वयानं.

२६ झाली की मी सोता सांगते त्याईले. मंग अकोल्याले जाऊ. सव्वा महिन्यानं काय बिघडते.

मामी

•

पुणे
३० डिसेंबर २०२४

ती. मामा,

तुम्ही रागावलात, ते मला मान्य आहे. कामाबद्दल माझ्याही मनात फार अभिमान उरलेला नाही. गेली सहा वर्षं मी हेच करते: कोणत्या गावात काय विकलं जाईल ते विकणाऱ्याच्या आधी शोधून काढायचं.

तुम्ही मागितलेलं सोबत आहे. थोडक्यात सांगते. साठ घरांत देशी पिणारे अकरा, सगळे पन्नाशीच्या वरचे. त्यांच्या मुलांपैकी एकही देशी पीत नाही. त्यांना देशीची लाज वाटते, कारण ती बापाची होती. बिअरची लाज कोणालाच वाटत नाही, म्हणून ती फ्रीजमध्ये उभी असते. तुम्ही दुकान उठवलंत तेव्हा पिणं कमी झालं, खरंच झालं, दहा-बारा वर्षं तरी. मग मोटारसायकली आल्या आणि तालुका वीस मिनिटांवर आला.

पण एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बिअर घरात आणणारे फक्त पुरुष नाहीत. बायका मागवतात. आणि मजेसाठी मागवत नाहीत. मामा, तुम्हाला एक विनंती आहे. भाषण करण्याआधी एकदा, फक्त एकदा, बायकांना बसवून विचारा, कशासाठी घेता? विचारा आणि त्यांना बोलू द्या. सभेत नको. घरात विचारा. आधी आपल्याच घरात, मामीपासून सुरुवात करा.

एवढंच सांगू शकते. याहून जास्त सांगायची मला मनाई आहे.

अनुपमा

•

धानोरी
२७ जानेवारी २०२५

अनुपमा,

हरलो. ठराव मंजूर झाला.

तुझं पत्र वाचलं होतं. तुझ्या सूचनेप्रमाणे मामीलाही विचारलं: "सभेत बायका काय म्हणतील?" ती म्हणाली, "तुमी बोला, मी समोर बसते." कसली मनाई म्हणतेस ते मला समजलं, कंपनीचं गुपित असणार. राहू दे तुझ्यापाशी.

सभा शाळेच्या पटांगणात होती, झेंडावंदनानंतर. गर्दी पुष्कळ. भगवानराव खुर्चीत बसून हसत होता, जणू निकाल त्याला आधीच कळला होता. मी तुझे आकडे वाचले. देशीच्या आकड्यांवर पोरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे बघ. मग मी विचारलं, या गावच्या बायकांनी एकदा बाटली आडवी केली, त्या आज कुठे आहेत?

मनकर्णाबाई उठल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, ग्रामसेवकानं माईकवरून पुन्हा सांगितलं. "सर, माह्या नवऱ्याले दारूनं नेलं. मले दारू वळखता येते. बीर दारू नोय. औषीध हाय. दुकान गावात झालं तर बायाले पोराईच्या मिन्नत्या कराव्या लागनार नाई." सगळी सभा हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "सरले बी पाजा एक गिलास, आवाज मोकळा होईन!"

माझा तोल गेला नाही. तोल सांभाळून मी जे बोललो ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत धारदार वाक्य असेल. मी म्हणालो, "दारुडा नवरा निदान खोटं बोलत नाही. जी बाई औषधाच्या नावाखाली बाटली घरात लपवते, ती त्याच्याहून हीन. तो स्वतःचं घर बुडवतो, ती घर बुडवते आणि वर सोवळं नेसून बसते."

पस्तीस वर्षं बोलतोय. वाक्य बसलं की आपल्याला कळतं. बायकांच्या बाजूला एकही मान वर नव्हती.

मग हात वर करायला सांगितले. दुकानाच्या बाजूनं पुरुषांचे झाले, ते अपेक्षितच होतं. बायकांचेही झाले. एकेक करत जवळजवळ सगळ्यांचे. विरोधात बायकांतून एकच हात वर झाला, तुझ्या मामीचा. पहिल्या रांगेत, एकटी. कोपरात वाकलेला हात तिनं दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. मनकर्णाबाई तिच्याकडे अशा नजरेनं पाहत होत्या की मला राग आला. सभा संपल्यावर त्या माझ्यापाशी येऊन मोठ्यांदा म्हणाल्या, "सर, तुमाले देवानं कानापरीस डोये तरी द्याचे होते." हरलेल्या माणसाला कोणीही बोलतं.

गाव गेलं तरी घर माझ्या बाजूनं राहिलं, एवढं समाधान आहे. येताना मामी पुलाच्या कठड्यावर बसली, उठेचना. घामानं भिजली होती, भर जानेवारीत. म्हणाली, "तुमी चाला पुढं, मी येते." मी तिथेच तिच्याशेजारी बसलो. तिचं मन माझ्याहून जास्त खचलंय. काल रात्रीपासून जेवली नाही, उलट्या होत आहेत. मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नये.

भालचंद्रमामा

•

पुणे
१ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. हे उत्तर टपालानं पाठवत नाही. मनकर्णाबाईंच्या प्रेमच्या मोबाइलवर पाठवते आहे. तो सोनाळ्यातून छापून आणून तुमच्या हातात देईल आणि गाडी घेऊन दारात थांबेल.

मामीचं मन खचलेलं नाही. तिच्या किडन्या खचल्या आहेत. तीन वर्षं तिला मुतखडा आहे आणि त्यावर ती बिअर घेते आहे. बाटली कोठीत आहे. तुमच्यापासून लपवली, कारण तुमचं भाषण तिला तिच्या दुखण्याहून मोठं वाटलं. शपथ घालून तिनं मला गप्प बसवलं आणि मी बसले. हा माझा गुन्हा. तुम्ही जे वाक्य बोललात, ते तिनं पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि मग तुमच्यासाठी हात वर केला.

आता तिला काही विचारू नका, काही समजावू नका. गाडीत बसवा आणि अकोल्याला न्या. मी रात्रीच्या गाडीनं निघते आहे.

अनू

•

धानोरी
११ मार्च २०२५

अनुपमा,

तू गेल्यापासून पाच आठवड्यांत हे पहिलं पत्र. लिहायला बसलो की वाक्यं तयार होऊन समोर उभी राहतात आणि मला त्यांची भीती वाटते. म्हणून साधं लिहितो.

तू पोचण्याआधी तपासणीच्या खोलीत जे झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं मामीला विचारलं, "आजी, दारू वगैरे घेता का?" आणि मी म्हणालो, "नाही." तुझं पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, गाडीत तीनदा वाचलं होतं, तरी मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, मी आजींना विचारतोय." मामीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "बीर. तीन वर्सं. अर्धा गिलास."

त्यानं तिला दोष दिला नाही. खडे दोन्ही बाजूंना अडकलेत, म्हणाला, आणि आत हळूहळू सगळं तुंबत गेलं. बिअरनं काही विरघळलं नाही. फक्त दुखणं दबत राहिलं आणि दिवस गेले. "तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर," एवढं बोलून तो कागदावर लिहू लागला. त्याच्याही घरी थकलेले आईवडील असतील.

आता मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. पहाटे सहाची एसटी, अकोटमार्गे. चार तास ती खाटेवर, मी बाकावर. दिवसाला एवढंच पाणी प्यायचं असं मोजून दिलंय. परवा तिनं विचारलं, "रागावले काय?" मी म्हटलं, "तुझ्यावर नाही." ती म्हणाली, "मंग कोणावर रागावले तेही सांगू नका, मले झोप येऊन राह्यली." आणि झोपली. मी तिच्या पायावरची सूज बोटानं दाबून पाहत बसलो. खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही.

तू अहवालातून बायकांच्या औषधाचा भाग काढून टाकलास आणि त्यावरून वरिष्ठांशी वाजलं, हे तुझ्या आईनं लिहिलं. बरं केलंस. पण तू नाही लिहिलंस तरी दुसरं कोणी लिहील. ज्याला विकायचंय त्याला कळायला वेळ लागत नाही. वेळ आम्हालाच लागतो. भगवानरावाचं दुकान पाडव्याला उघडतंय. फलक लागला आहे. त्याच्यासमोरून जाताना मी थांबून चार शब्द सुनवावेत असं लोकांना वाटतं, पोरं मुद्दाम वळून बघतात. माझ्यापाशी चार शब्द नाहीत.

मेहकरहून व्यसनमुक्ती मेळाव्याचं बोलावणं आलं होतं. बसचं भाडं आणि शाल. येत नाही म्हणून कळवलं. कारण लिहिलं नाही.

आज मंगळवार. आज एसटीत मामीबरोबर मनकर्णाबाई होत्या आणि आणखी सात जणी. कोणी जमवल्या मला माहीत नाही, मी सभा घेतली नव्हती. मामी नळावर काहीतरी बोलली असेल. वाटेत मनकर्णाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मामीसाठी खिडकीची जागा धरून बसल्या आणि अकोटला उतरून तिच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवला. माझ्या हातात आठ जणींची आधार कार्डं दिली, कारण वाचता येणारा मी होतो.

तपासणीच्या खोलीत एका बाकावर आठही जणी बसल्या. टेबलामागची मुलगी अर्ज भरत होती. नाव, वय, गाव मीच सांगत गेलो, भराभर, हजेरी घेतल्यासारखा. मग तिनं मनकर्णाबाईंना विचारलं, "काही व्यसन? दारू, तंबाखू?"

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईनंही पाहिलं. मग तिच्यापलीकडचीनं. आठ बायका पदर सावरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, उत्तर तिथे लिहिलेलं असल्यासारख्या. मुलगी म्हणाली, "मावशी, सांगा ना, मागे रांग आहे."

मी कार्डं टेबलावर ठेवली, उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

तुझा मामा